खिडकीतली हिस्के

३ मे
भाची येल्ट्ये कॅनडाला गेली. तिची रंग बदलणारी सरडी, हिस्के, माझ्याकडे आली. पिंजरा रस्त्याकडच्या खिडकीत ठेवला, उजेडासाठी. येणारे-जाणारे थांबतात, पोरं हात हलवतात. मला त्याचं काही नाही. सभ्यता म्हणून मीही हलवते.

९ मे
हिस्के जेवत नाही. कुंडीतली माती उकरते. शिस्त कमी पडली. आजपासून किडे ठरल्या वेळीच.

१२ मे
प्राण्यांच्या डॉक्टर रिंगनाल्डांनी हिस्केचं पोट दाबून पाहिलं. म्हणाल्या, अंडी आहेत. मी म्हटलं, हिने जन्मात नर पाहिलेला नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, बाई, तिचं त्यावाचून अडत नाही. अंडी रिकामी असतात, पण बाहेर यावीच लागतात. ओल्या वाळूची बादली द्या, खिडकी झाका, तुम्हीही डोकावू नका. कोणी बघत असलं तर अंडी अडवून धरेल आणि मरेल.
बादली ठेवली. खिडकी झाकणार नाही. आमच्या गल्लीत पडदे कोणी लावत नाही. ज्यांना लपवायचंय त्यांनी लावावेत.

१४ मे
हिस्केचा बादलीत अर्धा खड्डा खणून झाला होता. शेजारचा डाउवे काचेला नाक लावून उभा राहिला, ती परत फांदीवर. त्याला हाकलणारच होते. पण त्याने विचारलं, आज कसं काय? उत्तर देणं भाग होतं. बराच वेळ गेला.

१५ मे
हिस्के भर दिवसा डोळे मिटून बसली आहे. खिडकीला चादर उद्या लावू. आज शाळेची पोरं इकडून जातात, त्यांचा हिरमोड कशाला.

१६ मे
डोळे खोल गेलेत. चादर लावली, पूर्ण खिडकीला. आमच्याकडे दिवसा खिडकी झाकली की घरातलं कोणी गेलं असं लोक समजतात. आता चौकशीला रांग लागणार. वैताग. आलेल्याला दारातून परत पाठवता येत नाही म्हणून केक केला. स्वयंपाकघरात बसून आहे.

१७ मे
कोणी आलं नाही. उत्तम. हिस्केला शांतता हवी.

१८ मे
बेल तपासली. वाजते.

१९ मे
हिस्केने अंडी घातली, वरून वाळू सारखी केली आणि चार किडे खाल्ले. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, वाचली.
चादर काढली. डाउवे धावतच आला. म्हणाला, बाई, गल्लीभर काळजी लागली होती. मी म्हटलं, मग बेल वाजवायची. तो म्हणाला, कसं विचारणार, सरडी गेली का म्हणून?
मी म्हटलं, मी गेले असते तर?
तो म्हणाला, तुम्हाला काय होतंय, बाई.
बरोबर आहे. मला काही होत नाही.