दुखवट्यातली शाळा

प्रिय वर्षाराणी,

तुला अन् शिवमला तुझ्या आईचा लई लई आशीर्वाद. अक्षर वाकडंतिकडं दिसलं तर दिसू दे, तिसरीनंतर सुटलेलं लिहिणं आता लेकरांसंगं पुन्हा हाताला लागलंय. तू रविवारी गाडी घेऊन मला नांदेडला न्यायला येणार. त्याच्या आधी हे तुला मिळावं म्हणून भांडी तशीच ठेवून बसले. शिवकन्या परीक्षेला तिकडंच निघाली हाय, तिच्या हाती देते. डबाही दिलाय, शेंगदाण्याची चटणी हाय, शिवमला तिखट लागंल, दही घालून दे.

शिवकन्या म्हणजे मागच्या गल्लीतली, अहमदपूरच्या कॉलेजात जाते ती. पैसा घेत न्हाई अन् पहिली-दुसरीच्या लेकरांना वाचायला शिकवते. पोळा झाला तसं तिनं आम्हा बायकांना धरलं, की संध्याकाळी समाजमंदिरात तासभर लेकरापाशी बसा, ते वाचंल ते ऐका, अडलं तर अक्षराखाली बोट धरा. मी म्हणलं, बाई, मलाच अडतंय की. तर म्हणती कशी, "मग बरंच हाय काकू, तुम्ही घाई करणार न्हाईत." अन् झालंही तसंच. मी अक्षर जुळवीपर्यंत लेकरूच मला शब्द सांगतंय अन् वर विचारतंय, आजी, बरोबर का? मी म्हणते, हाव, बरोबर! मला लई मजा यायची बघ. घरी आले की तुझे अण्णा दारातच चिडवायचे, "मास्तरीणबाई, आज कुणी कुणाला शिकवलं?"

मग अण्णा गेले. त्यावर काय लिहू, तू होतीसच. लातूरला माझी दाढ काढली तेव्हा डॉक्टरनं सुई दिली अन् गाल माझा का परक्याचा ते कळेना, तसं सगळं अंग झालंय. जेवते. भाजीत मीठ न्हाई हे शेजारीण सांगती तेव्हा कळतंय. अण्णांची चप्पल दारात हाय, तिच्याकडं बघते, काही होत न्हाई. तू रडून रडून बेजार झालीस अन् मी तुला पाणी देत होते. बाया म्हणल्या, दगडाच्या काळजाची हाय. असंल बाई. मी पण आत चाचपून बघितलं, काही लागलंच न्हाई हाताला.

तेरावं उरकून तू गेलीस. आपल्यात सव्वा महिना बाईनं उंबरा ओलांडायचा न्हाई, मग माझं समाजमंदिरात जाणं बंद. तर शिवकन्यानं लेकरंच आपल्या पुढच्या खोलीत आणली. न्हाई म्हणायलाही अंगात बळ लागतंय, ते नव्हतं, म्हणून बसले. लेकरं सतरंजीवर गोळा व्हायची, ढकलाढकली करायची, एक पोरगा तर अण्णांच्या फोटोलाच वाचून दाखवायचा. त्यात मोहसीन मिस्त्रीची जेबा. दिवाळीपर्यंत तिला एक अक्षर धरता येत नव्हतं, पुस्तक दिलं की भोकाड पसरायची. आता गोष्ट वाचती गं! म्हशीची हाय. जोडाक्षर आलं की दम घेती, नाक वर ओढती अन् उडी मारल्यासारखं म्हणती, "म्हैस!"

आता आत्याचं. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं सिद्धम्मा आत्याला अण्णांच्या मातीला यायला जमलं न्हाई. त्या मंगळवारी उदगीरहून आल्या. रीत तुला माहीत हाय. दारातूनच गळा काढायचा, घरच्या बाईनं उठून गळ्यात पडायचं अन् दोघींनी रडायचं. आत्यांनी उंबऱ्यातच "माझा दादा गं!" म्हणून हंबरडा फोडला. मी उठले, गळ्यात पडले, पण माझ्यातून आवाज निघंना. आत्या खाली बसून ऊर बडवू लागल्या. तर ही जेबा सरकत सरकत त्यांच्याजवळ गेली, सतरंजीवर जागा केली, म्हशीचं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं अन् पाठीवरून हात फिरवत म्हणती, "रडू नको आजी. मलाबी आदी येत नव्हतं. तुलाबी येईल."

आत्यांचा गळा मधेच थांबला. तोंड तसंच उघडं. अन् वर्षे, मला हसू आलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबंना, पोट दुखायला लागलं. शिवकन्या भिंतीकडं तोंड करून हलत होती. आत्या चहाला थांबल्या न्हाईत. दादाच्या घरात शाळा भरवली अन् वर दात काढती, म्हणल्या. त्यांनी बसस्टँडवरूनच तुला फोन केला, आईच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून.

त्याच संध्याकाळी तुझा फोन. तू रडत होतीस. आई, सव्वा महिना शनिवारी संपतोय, कपडे भर, आता माझ्यापाशीच राहा, म्हणलीस. मी हाव म्हणलं. तू रडायला लागलीस की मी कशालाही हाव म्हणते, लहानपणापासून तुला ते माहीत हाय. म्हणून फोन न करता लिहिलं. कागदावर मला न्हाई म्हणता येतंय. वर्षे, मी येत न्हाई. तुझ्याकडं मला काही कमी पडणार न्हाई, जावईही सोन्यासारखे हायत. पण अण्णा गेल्यापासून माझ्या अंगातून आपणहून निघालेलं पहिलं काही असंल तर ते हसू. ते निघालं म्हणजे आत अजून कुणीतरी हाय. रडूही येईल, मागून येईल, कधी ते मला सांगता येत न्हाई. ते येईल तेव्हा मला ह्याच घरात राहायचंय, जिथं अण्णा नसल्याचं मला कळंल. तू रविवारी ये. जेवायला ये, भांडायला ये. न्यायला येऊ नको.

तुझीच,
आई