अर्धं कपाट

१ नोव्हेंबर २०००, बुधवार

सरकतीच! आज निकाल लावून टाकला.

कोंडीराम मिस्त्री सकाळी टेप-पेन्सिल घेऊन आले आणि झोपायच्या खोलीत मधोमध उभे राहिले. "ताई, बिजागरीची दारं का स्लायडिंग, त्ये एकदाचं सांगा. प्लाय कापायचा हाय." मी म्हटलं, सरकती. दशरथ म्हणाला, बिजागरीची. आम्ही दोघं एकदमच बोललो. मिस्त्री पेन्सिल कानाला लावून खिडकीबाहेर बघायला लागले. हुशार माणूस.

दशरथला कशाबद्दल मत असू शकतं हेच नवल! विचारलं, का? म्हणाला, "बिजागरीची दारं उघडली की सगळं एकदम समोर येतं. सरकत्या दाराला एक बाजू उघडली की दुसरी झाकते. कायम अर्धंच कपाट दिसणार."

मग मी बोलले. पलंग आणि कपाट यांच्यात जेमतेम दीड हात जागा. तुझी दारं उघडायला रोज पलंगावर चढायचं का? जे दार उघडायचं म्हणून दुसऱ्याने उठून बाजूला व्हायचं, ते सरंजामी दार! सरकतं दार कोणाच्या वाटेत येत नाही, कोणाला उठवत नाही — लोकशाही आहे ती. मिस्त्री म्हणाले, "ह्ये बी भाषणात घाला ताई."

दशरथ म्हणाला, "बरं."

जूनमध्येही असंच झालं. कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे केला, याने सही केली आणि घरी येऊन म्हणाला, "आता पवनीला जाऊ. भाऊ आहे, घर आहे, मागे बोडी आहे. तळ्याकाठी बसू." तेव्हा मी बहुतेक पाऊण तास बोलले. माझी व्याख्यानं, माझं ग्रंथालय, इथं जोडलेली माणसं. हा पुण्यात आला तो जगायला, आता मासे मोजायला परत जायचं? शेवटी म्हणाला, "बरं." त्यानंतर गावाचं नाव नाही. पटवून दिलं की माणसाला पटतं, हा माझा अनुभव आहे.

७ नोव्हेंबर

कपाट उभं राहिलं. फिकट बदामी सनमायका, भिंतभर. सरकवलं की गुळगुळीत जातं. उजवी बाजू माझी, डावी त्याची.

मिस्त्रींनी जाताना विचारलं, "मालकांचं बी तुम्हीच लावणार न्हवं?" म्हटलं, नाही! आपलं कपाट आपण लावायचं, आपले कपडे आपण धुवायचे. लग्नाच्या आधी घातलेली अट आहे. त्याच्या कप्प्याला मी हात लावत नाही, माझ्या कप्प्याला तो. व्याख्यानात हे सांगते तेव्हा बायका टाळ्या वाजवतात आणि पुरुष घड्याळ बघतात. दशरथ शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो. एवढं मात्र त्याचं कबूल करावं लागेल.

१२ नोव्हेंबर, रविवार

हडपसरला व्याख्यान. 'भुतांचा बाजार'. शाळेचं मोठं सभागृह, खुर्च्या छान मांडलेल्या, आणि माणसं — मालिका सोडून कोण येणार! दोन रांगासुद्धा धड भरल्या नाहीत. आवाज घुमत होता. रिकामं सभागृह वक्त्याला वेडावून दाखवतं. भरलेलं सभागृह आवाज पितं. आपण बोललेलं जाऊन माणसांत मुरतं, परत येत नाही. हे माइकवाल्यांना कळत नाही, ते आवाज वाढवत बसतात.

बसमध्ये दशरथला विचारलं, कसं झालं? "ऐकू आलं," म्हणाला.

१७ नोव्हेंबर

दुपारी खोलीत तालीम करत होते. खडकवासल्याच्या मंडळाने डिसेंबरात हाच विषय मागितलाय. दशरथ बाहेर गेलेला. "भूत म्हणजे तरी काय?" असं विचारून मी थांबले — तिथे थांबायचंच असतं, लोक चुळबुळतात. आणि कोणीतरी विचारलं, "काय?"

माझ्यामागून.

मागे कपाट. बाकी खोलीत मी. सगळं घर बघितलं, जिनाही बघितला. नव्या इमारतीच्या भिंती असतात अशा, पडदे अजून लागायचेत. पुढचा उतारा स्वयंपाकघरात म्हटला.

१८ नोव्हेंबर

पुन्हा.

२२ नोव्हेंबर

खालच्या गोदाबाई जिन्यात भेटल्या. "दुपारी कोण येतं हो तुमच्याकडे?" कोणी नाही म्हटलं. "नाही कसं? दोन आवाज येतात. एक तुमचा, तो काय सगळ्या बिबवेवाडीला येतो म्हणा. पण दुसरा येतो मागाहून. जरा खोल." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "वास्तुशांत केली नाहीत ना तुम्ही."

"गोदाबाई, शांत करायचीच तर आधी तुमच्या मिक्सरची करू या," म्हटलं. त्या हसल्या नाहीत. मीही वर येईपर्यंत हसले नव्हते.

दोन आवाज. म्हणजे मला भास होत नाही. यात आनंद मानायचा की काय ते कळत नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार

थंडी पडली. दशरथ फक्त सदऱ्यावर फिरायला निघाला. "स्वेटर कुठंय तुझा?" "आहे," म्हणाला आणि गेला. रोज सकाळी कापडी पिशवी काखेत मारून निघतो आणि येताना मेथी आणतो. रोज मेथी! घरात मेथीचं शेत झालंय. म्हटलं, मंडईत दुसरी भाजी पिकायची बंद झाली का? म्हणाला, मेथी ताजी होती.

आज कपाट उघडताना नवीनच. मी माझं दार सरकवलं, त्या धक्क्याने डावीकडे आत काहीतरी किणकिणलं. बारीक, बराच वेळ. कोणीतरी हातातल्या बांगड्या आवरून धराव्यात तसं. या घरात बांगड्या कोणी घालत नाही.

माझं दार उघडं, म्हणजे दोन्ही दारं डावीकडे, एकावर एक. त्याच्यामागे काय आहे ते दिसायची सोयच नाही. दार आपलं हळूच लावून घेतलं.

१ डिसेंबर

दशरथ आज परत तोच निळ्या रेघांचा शर्ट घालून जेवायला बसला. म्हटलं, "बाकीचे शर्ट संपावर गेलेत का?" म्हणाला, "दोन पुरतात मला."

दुपारी दार घट्ट लावून घेतलं आणि मुद्दाम मोठ्याने बोलले, सभेतल्यासारखं. आता नुसता शब्द परत येत नाही, वाक्याची शेपटीच येते. आवाज माझाच. पण वय झालेला. बोलता बोलता डाव्या दारावर तळहात ठेवला. दार थरथरत होतं. गाईच्या पोटावर हात ठेवावा तसं. मी गप्प झाले की तेही गप्प.

मग मी ते केलं, जे करणाऱ्यांची उभ्या महाराष्ट्रात टिंगल करत फिरले. दाराला तोंड लावून विचारलं, "कोण आहे?"

"आहे," आतून आलं.

मी पलंगावर बसले. दार सरकवून बघायचं — साधी गोष्ट. हजार वेळा व्यासपीठावरून सांगितली. कंदील घ्या आणि जाऊन बघा! पण ती बाजू दशरथची, आणि नियम माझा. नियमामागे लपायला एवढं बरं वाटलं नव्हतं कधी.

२ डिसेंबर

सांगितलं त्याला. चहा घेताना. "दशरथ, त्या खोलीत कोणीतरी आहे. तुझ्या बाजूला." मला वाटलं, हसेल. हसायला हवं होतं. तो माझ्याकडे इतका वेळ बघत राहिला की चहावर साय धरली. चेहरा पांढरा पडलेला. मग माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "कोणी नाही गं, जया. तिथं कोणी नाही."

पहिल्यांदाच त्याने 'बरं' म्हटलं नाही. कीव आली असेल माझी.

५ डिसेंबर

खडकवासल्याचं व्याख्यान रद्द करावं का? रात्रंदिवस हाच विचार. भुताला घाबरणारी बाई 'भुतांचा बाजार' सांगणार! पण शब्द दिलाय.

सकाळी उतारा लिहीत बसले होते. दशरथ दारात येऊन उभा राहिला. "जया, तुला एक सांगायचं होतं." म्हटलं, एवढा परिच्छेद होऊ दे. परिच्छेद जमून आला, लांबला. वर बघितलं तर तो नव्हता. आत मेथी निवडत बसलेला. "काय सांगायचं होतं?" "काही नाही. विसरलो."

८ डिसेंबर, शुक्रवार

काल खडकवासल्याला गेले. एकटीच. दशरथ म्हणाला, गुडघा दुखतोय. लग्नापासून एकही व्याख्यान त्याने चुकवलं नव्हतं.

मंडळाचं सभागृह नवीन, माणसं नेहमीएवढीच. उठले, माइक हातात घेतला, "भूत म्हणजे तरी काय?" म्हणून थांबले. शेवटची रांग मोकळी. आणि तिकडून, "काय?"

तोच! तोच आवाज, तसाच खोल, तसाच म्हातारा. आणि मग लख्ख कळलं, कारण जन्मभर हाच तर धंदा केला — हे रिकाम्या सभागृहाचं घुमणं आहे. कपाटातलंही तेच, आत कोणी असल्याचं नाही. नसल्याचं.

पुढचं काय बोलले आठवत नाही. टाळ्या झाल्या.

आज सकाळी दशरथ पिशवी घेऊन बाहेर पडला. मी खोलीत गेले आणि डावं दार सरकवलं. माझी बाजू झाकली गेली. त्याची बाजू उघडली.

दांडीवर नुसते हँगर. दाराच्या धक्क्याने एकमेकांवर आपटून किणकिणत होते. खालच्या कप्प्यांत वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर काही नाही. स्वेटर नाही, शाल नाही, कारखान्याचा निळा गणवेश नाही. कोपऱ्यात प्रवासाची पिशवी, तोंड बांधलेली. आणि एका हँगरवर पांढरा जाड शर्ट, इस्त्री केलेला. इस्त्रीचा शर्ट दशरथ फक्त गावी जाताना घालतो. भावासमोर नीट दिसावं म्हणून.

एवढे दिवस एकेक कपडा पिशवीतून गावी धाडत होता आणि त्याच पिशवीत मेथी घालून परत येत होता. मी मेथीला नावं ठेवत होते.

"दशरथ," म्हटलं.

"दशरथ," म्हणालं कपाट.

८ डिसेंबर, दुपार

भाषण तयार होतं. सगळे मुद्दे होते. तो जेवायला आला, समोर बसला. मी बोलले नाही. वाढलं.

तो पडल्यावर दार हळूच सरकवून तो पांढरा शर्ट काढला आणि बादलीत भिजवला. लग्नापासून पहिल्यांदा त्याचा कपडा धुवायला घेतलाय. थंडीचे दिवस आहेत, कापड जाड आहे. पिळलाही नाही फारसा. उद्यापर्यंत वाळायचा नाही.