खिडकीतलं ताट

दयानंदअण्णा,

राजाजीनगरच्या तुझ्या ज्या घरात मी राहते, तिथली वरची खोली मी सुआदला दिलीय. ती सुदानची निर्वासित, माझ्या वॉर्डातली पेशंट. क्षयाचं नाव ऐकताच तिच्या घरमालकानं तिला बाहेर काढलं. "काळी बाई, त्यात रोगी," असं खालच्या मजल्यावर राहणाऱ्या अक्कांनी तुला फोनवर कळवलं आणि उद्या तू निपाणीहून तिला हाकलायला येतोयस.

औषधं चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, आता तिच्यापासून कुणाला लागण होणार नाही. मी नर्स, मला हे ठाऊक होतं. तरी पहिल्या दिवशी तिचं ताट मी वेगळं घासलं आणि खिडकीत पालथं घातलं. ती दुसऱ्या दिवसापासून स्वतःच घासून तिथं ठेवायला लागली. क्षय झाल्यावर आपली आई ठेवायची, अगदी तसं. तू आईचं जेवण उंबऱ्याबाहेर सरकवायचास आणि मी गप्प बघायचे.

तेव्हा बोलले नाही, हे पत्रही टाकायचं धाडस नाही. पण काल यशवंतपूरच्या बाजारातून तीन सारखी ताटं आणलीत. उद्या आधी जेवायला बस. त्यातलं तिचं कुठलं, ते आता मलाही ओळखता येत नाही.

तुझी धाकटी,
महानंदा