नात्याचा रकाना

५ ऑक्टोबर, रविवार

सुखरूप पोचले. सिकंदराबादच्या फलाटावर कौस्तुभ उभा होता. माझा नातू, हाडांचा डॉक्टर. मला डब्यातून उतरवून घेताना त्यानं आधी पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. म्हटलं, बाबा, आजी वर आहे, खाली नुसते गुडघे आहेत.

हे मी बोलतेय आणि लिहितेय श्रुती, माझी नातसून. मला अक्षर येत नाही. लहानपणी शाळेच्या वाटेवर म्हशी आडव्या आल्या, त्या आल्याच. श्रुती जामबागेतल्या जुन्या मराठी घरातली, पाच पिढ्या हैदराबादी. ‘नको’ला ‘नक्को’ म्हणते, ‘हो’ला ‘हौ’. जोडाक्षर आलं की पेन थांबतो आणि जीभ बाहेर येते. हे पण लिहू का, विचारते. लिही म्हटलं, खरं आहे ते.

वही कौस्तुभनं लावून दिली. दिवाळी झाली की माझे दोन्ही गुडघे बदलायचेत. तोवर रोज किती चालले आणि किती दुखलं ते दहापैकी आकड्यात सांगायचं. आमचे हे फौजेत हवालदार होते, त्यांच्या कार्डावर माजी सैनिकांच्या दवाखान्यात माझं सगळं होणार. जिवंतपणी एक लुगडं घ्यायला दहा दुकानं फिरवली माणसानं, आता मेल्यावर दोन गुडघे देतोय. उशिरा का होईना, शहाणपण आलं.

विद्यानगरचं घर छान आहे. तिसरा मजला, उजेड भरपूर, लिफ्ट आहे. श्रुती घरात बसूनच कंपनीचं काम करते, तोंडाला माइक लावून. आधी वाटलं, एकटीच बोलते बिचारी.

गुडघे : दहात सहा.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज कौस्तुभचा दवाखाना बघितला. बाकांवर सगळे म्हातारे ताठ बसलेले, जसं काही आत्ता कोणी साहेब येणार आहे. नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणून झटक्यात उठतात आणि मग कमरेत धरून खाली बसतात. कौस्तुभ प्रत्येकाला साहेब म्हणतो. शिपाई असला तरी साहेब. तेवढ्यानंच निम्मं दुखणं जातं त्यांचं.

तिथली एक रीत सांगते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कौस्तुभ जांभळ्या पेनानं त्या पायावर बाण काढतो. चुकीचा पाय कापला जाऊ नये म्हणून. बाण काढताना पेशंट जागा लागतो, आणि त्यानं तोंडानं ‘हाच’ म्हणावं लागतं. म्हटलं, आमच्याकडे बाजाराच्या आदल्या दिवशी मेंढरांना असाच रंग लावतात. कौस्तुभ हसला. बाकावरचा एक म्हातारा हसला नाही.

ते नामदेवराव. आमच्या खटाव तालुक्यातले, डोंगरापलीकडच्या गावचे. फौजेतून सुटल्यावर इथंच राहिले. बायको गेली, मूल नाही. साखरेनं डावं पाऊल घोट्यापर्यंत काळं पडलंय. कौस्तुभ म्हणतो, गुडघ्याखाली काढू या, नाहीतर विष वर चढेल. ते म्हणतात, भरतीला दोन पाय मोजून घेतलेत, सरणावर दोनच मोजून जाईन. मी त्यांना चिवडा दिला. पाय राहू दे, दात आहेत का तेवढं सांगा, म्हटलं. तेव्हा मात्र हसले.

गुडघे : सहा. खुर्चीत बसून सात.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज मी एक चांगलं काम केलं.

नामदेवरावांना रात्रभर ताप होता. सकाळी गेले तर बरळत होते. कौस्तुभ दुसऱ्या ऑपरेशनात अडकलेला. टेबलावरचा कारकून म्हणाला, पेशंट सही करायच्या शुद्धीत नाही, कोणी नातेवाईक आहे का? मी म्हटलं, आहे, मी बहीण.

यात खोटं काय? आमच्याकडे डोंगरापलीकडचा बाप्या म्हणजे भाऊच. कारकुनानं नात्याच्या रकान्यात बहीण असं लिहिलं आणि शाईचा डबा पुढे केला. माझा अंगठा आजवर रेशनवर आणि पेन्शनवर उठला, आज पहिल्यांदा माणसाचा जीव वाचवायला उठला. पायावर बाण काढायला एक शिकाऊ डॉक्टर आला. ‘हाच’ कोण म्हणणार? मीच म्हटलं.

तेव्हा नामदेवरावांनी डोळे उघडले. अगदी शुद्धीतले डोळे. माझ्या जांभळ्या अंगठ्याकडे बघून म्हणाले, बहीण झालीस होय, ताई? मग भाऊबीजेला येतो.

मी म्हटलं, या की. रिकाम्या हातानं येऊ नका म्हणजे झालं.

संध्याकाळी कौस्तुभला कळलं, तोवर दुसऱ्या डॉक्टरांनी पाय काढला होता. चिडला. आजी, ते नाही म्हणत होते, नाहीच म्हणत होते, असं दोनदा बोलला. ताट तसंच टाकून उठला.

गुडघे : पाच.

१३ ऑक्टोबर, सोमवार

नामदेवराव गेले. पाय काढल्यावर दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या सकाळी गेले. काढलेला पाय दवाखान्याच्या नियमाप्रमाणे आधीच जाळायला गेला होता. सरणावर एकच पाय होता. त्यांच्या जुन्या पलटणीतले चार म्हातारे आले होते. त्यांतल्या एकानं पांढऱ्या कापडावरून हात फिरवला, आणि खाली सपाट लागलं तसा मागे घेतला.

कौस्तुभ म्हणतो, उशीर झाला होता आजी, तू काही केलं नाहीस. मी विचारलं नव्हतं त्याला.

गुडघे : चार. कमी होतायत.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी कौस्तुभ अंघोळ करून आला तर डाव्या पिंढरीवर बाण. जांभळा. टोक वर.

तो म्हणाला, पेन लागला असेल खिशातला. खिसा छातीवर असतो, बाबा. श्रुतीनं स्पिरिट लावून घासला, कातडी लाल झाली, तेव्हा निघाला. दुपारी तो फोनवर म्हणाला की पाऊल बधिर वाटतंय, बहुतेक नवे बूट.

बूट जुनेच आहेत. मी बघितले.

गुडघे : दोन.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

बाण पुन्हा आला. आता गुडघ्याला टेकलाय.

कौस्तुभचा अंगठा काळा आहे, पायाचा. त्याच्याच दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. साखर नाही, रक्त वाहतंय, फोटोत सगळं ठीक. त्याचे डॉक्टर मित्र एकमेकांकडे बघतात.

खालचा वॉचमन सुरेश दुपारी वर आला. म्हणाला, अम्मा, एक पाँव के चाचा आए थे, बहन का घर किधर है बोल के पूछे. मैं लिफ्ट दिखाया तो बोले नक्को, चढ के जाता.

कोणी वर आलं नाही. पण जेवताना जिन्यात आवाज होता. कुबडी, पाऊल. कुबडी, पाऊल. दुसऱ्या मजल्यावर थांबला.

श्रुतीचा पेन आज एकाही अक्षराला थांबला नाही. मला ते आवडलं नाही.

गुडघे : शून्य. माझं दुखणं कुठं गेलं ते मला कळायला लागलंय.

१९ ऑक्टोबर, रविवार

दाराखालून कागद आत आला. श्रुतीनं वाचून दाखवला. दवाखान्याचाच, संमतीचा. पेशंट : कौस्तुभ. डावा पाय, मांडीपासून. खाली नात्याचा रकाना कोरा, आणि अंगठ्याला चौकट.

मी तो गॅसवर जाळला. सिंकमधली राख गरम होती, तोवर दाराखाली दुसरा.

आम्ही जामबागेत श्रुतीच्या माहेरी गेलो. तिथं उंबऱ्यावर तिसरा.

परत आलो. पळून काय करणार? पाय तर बरोबरच येतो.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

कौस्तुभ पलंगावरच. पाऊल घोट्यापर्यंत काळं. मित्र म्हणतात उद्या भरती हो, कापावं लागेल. तो नाही म्हणतो. दोन पाय मोजून घेतलेत म्हणतो. त्याचे शब्द नाहीत ते. आवाज पण —

त्याचं सगळं आयुष्य उभं राहून करायचं. चार-चार तास टेबलापाशी उभा असतो पोरगा. मी त्याला पांगुळगाडा धरून चालायला शिकवलं.

नामदेवरावांच्या फोटोला नमस्कार करायला गेले तर फोटोच नाही कोणाकडे. भिंतीला हात जोडून म्हटलं, माझे घ्या. दोन्ही घ्या. जुने आहेत, पण आहेत.

जिन्यातून हसल्यासारखं झालं.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

विचार केला. अक्षर नाही, पण डोकं आहे.

त्यांना नियम पाहिजे. मी केला तसाच. बहिणीचा अंगठा उठला तरच पाय जाणार. नाहीतर इतके कागद कशाला पाठवले असते? उचलून नेला असता पाय.

मग अंगठाच नसला तर?

सकाळी भाकरीचा तवा लाल केला. श्रुती ओरडली. दोन्ही अंगठे टेकवले, दहा मोजेपर्यंत. मोजता येतं मला. पूर्वी येत नव्हतं, ह्यांनी शिकवलं.

रेषा गेल्या. आता लावा म्हणावं शाई.

दुखणं : दहात दहा. पण माझं आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

दुपारचे बारा. पाट मांडला. निरांजन, सुपारी, करंज्या. हातांना फडकी बांधलीत, ताट श्रुतीनं केलं. ओवाळून घेतलेला भाऊ बहिणीचं घर मोडत नाही, असं म्हणतात. बघू.

श्रुती म्हणते, आजी, बोलत राहा, लिहीत राहिलं की दाराकडे बघावं लागत नाही. म्हणून बोलतेय.

सुरेशला सांगून खालचं दार लावून घेतलंय. तरी —

कुबडी. पाऊल.

आता आपल्या मजल्यावर. कडी लावली होती. निघाली.

आले. इस्त्रीचे कपडे, छातीवर पदकं. डावीकडची पँट गुंडाळून पिन लावलेली. पाटावर बसले. कसे बसले ते मी नाही बघितलं.

ओवाळलं मी. मनगटांवर ताट धरून. ज्योत विझली नाही. त्यांनी कागद पुढे केला. मी फडकी सोडून अंगठे दाखवले. म्हटलं, भाऊराया, यंदा ओवाळणी माझ्याकडून, ही घ्या. आता करा काय करायचं ते.

हसले. चांगलं हसतात. दात आहेत.

म्हणाले, ताई, तुझं काम कधीच झालं. ओळख करून दिलीस, घर दाखवलंस. आजी जवळची खरी, पण नवऱ्याच्या पायाला —

कागद फिरवला. श्रुती, काय आहे त्यात? वाच ना. रकाना भरलाय? काय लिहिलंय?

नातं : पत्नी.

नाही. नाही, भाऊराया, ती कालची पोर आहे, तिला —

विचारतायत तिला, सही येते ना. पाय दाखवतायत आतल्या खोलीत. हाच ना, म्हणतायत. श्रुती, बोलू नको. ‘हौ’ म्हणू नको, अगं सवयीनं पण म्हणू नको —

पेन ठेव खाली. हे पण लिहू नको. माझ्या हातांत पकडायला काही उरलं नाही गं, मला तुझं मनगट धरता येत नाही, पेन सोड. वहीवरून हात कुठं नेतेस? तिकडे नको, श्रु