वन्संनी दिलेली काडतुसं

४ फेब्रुवारी

दुकानदाराने आज सरळ हात वर केले. ‘बाई, काडतुसांचा माल येतच नाही. आहे तो या भावाने.’ भाव ऐकून मी काउंटरला टेकलेच. कारखाना म्हणे आता आधी फौजेच्या मागण्या पुरवतो. आम्ही हौशी लोक रांगेत शेवटी. हौशी! महिन्याभरात निवड चाचणी आहे, आमच्या गटातून संघात एकच जागा, आणि माझं वय चव्वेचाळीस. यंदा नाही तर मग रायफल भिंतीला टांगायची.

पण भावाचं दुखणं दुय्यम. माझा लॉट संपला, हे खरं दुखणं. ज्याला हे वेड नाही त्याला सांगून पटायचं नाही. एकाच कारखान्याचा, एकाच रंगाचा डबा, पण लॉटचा नंबर बदलला की रायफल तोंड फिरवते. दहाच्या वर्तुळात बसणाऱ्या गोळ्या आठात, नवात पसरतात. माझ्या रायफलीला एकच लॉट मानवतो. वन्संच्या रायफलीलाही तोच. दोन्ही एकाच खेपेतल्या. मला नेमबाजीला लावलं त्यांनीच आणि रायफल निवडून दिली तीही त्यांनीच.

निघताना दुकानदार म्हणाला, ‘त्या लॉटचे शेवटचे डबे तुमच्या नणंदबाई सकाळीच घेऊन गेल्या.’

सकाळीच. मी दातांच्या लॅबमध्ये कुणाची तरी कवळी घासत बसले होते तेव्हा.

५ फेब्रुवारी

बोलू नये ते बोलले. वन्सं संध्याकाळी आल्या, चप्पल काढायच्या आत मी सुरू केलं. ‘मला एक फोन केला असता तर हात झडला असता का?’ त्या म्हणाल्या, ‘अगं, त्या डब्यांना दारात दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. ऐकून तरी घे.’ मी कशाला ऐकतेय! म्हटलं, पन्नाशी उलटली तरी तुमची हाव सुटत नाही. त्या चहा न घेता गेल्या.

नवरा अडकित्त्यातल्या सुपारीसारखा मध्ये. ‘ताईने ठेवली असतील अर्धी तुझ्यासाठी.’ ठेवली असती तर सांगितलं नसतं?

११ फेब्रुवारी

क्लबाने नवा लॉट मागवला, प्रत्येकाला मोजून मिळणार. आज झाडून बघितला. चाळणी! एक गोळी दहात, पुढची आठात, आणि माझी चूक शोधून सापडेना. मास्तर कागद बघून म्हणाले, ‘तुझा हात बरोबर आहे. नळीला रुचत नाहीये.’ यापेक्षा हात चुकला असता तर बरं. हात सुधारता येतो.

वन्सं दोन जागा सोडून पोटावर झोपल्या होत्या, रायफल खांद्याला. माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही.

१७ फेब्रुवारी

सगळा सराव रिकाम्या रायफलीने. भिंतीवर टिकलीएवढा ठिपका, त्यावर नेम, चाप, टक्. पोटावर पडून कोपरं सोलली.

२४ फेब्रुवारी

आज एका आजोबांची कवळी दोनदा बिघडवली. डॉक्टर म्हणाले, ‘लक्ष कुठे आहे?’ काय सांगू?

मनात सारखा एकच हिशोब. वन्संच्या कपाटात माझा लॉट आहे. त्यांचे गुण गेल्या दोन वर्षांत माझ्याखालीच आहेत, तरी गोळ्या त्यांच्याकडे. दात आहेत तर चणे नाहीत! मागायला जावं असं रोज वाटतं. पाय उचलत नाही. तोंड तरी कुठलं राहिलंय.

१ मार्च

उद्या चाचणी. आणि आज वन्सं दारात!

आत आल्याच नाहीत. पिशवी पुढे केली. ‘घे. मॅचपुरत्या आहेत. माझ्याकडे माझ्यापुरत्या आहेत. जागा एकच आहे, आणि तुला मिळायची शक्यता जास्त. बघत काय बसलीस? दुकान उघडं टाकून आलेय मी.’ एवढं बोलून जिना उतरल्यासुद्धा.

मी आभारही मानले नाहीत. दार लावलं आणि डबे टेबलावर मांडले. एक डबा भरलेला, एक अर्धा. पट्ट्या उघडून पुन्हा चिकटवलेल्या. पिशवीला वाफेचा आणि औषधाचा वास. वन्संचं ड्रायक्लीनिंगचं दुकान, मागच्या खोलीत दिवसभर इस्त्रीची वाफ कोंडलेली. तिथे ठेवली असतील तर? काडतुसातली दारू दमट झाली की संपलंच. आणि डब्यावरचा नंबर आमचा, पण आतली काडतुसं कुठली कशावरून? महिनाभर बोलायचं नाही आणि आदल्या दिवशी डबे आणून द्यायचे, तेही क्लबाची रेंज बंद असताना, तपासता येणार नाही तेव्हा!

नवऱ्याला म्हटलं. तो इतका चिडला की मी दचकलेच. ‘ती तुझं वाईट करेल?’ मी म्हटलं, जागा एकच आहे. तो उठून गॅलरीत गेला.

मला स्वतःची लाज वाटतेय. पण भीती लाजेपेक्षा मोठी आहे. क्लबाच्या गोळ्या वाईट आहेत, पण किती वाईट ते मला माहीत तरी आहे.

२ मार्च

क्लबाच्याच वापरल्या. वन्संचे डबे उघडलेच नाहीत.

पहिल्या दहा बऱ्या गेल्या. मग एक थेट सातात. सात! पुढे नुसती ओढाताण. एक दहात बसली की वाटायचं, जमलं, आणि पुढची मुद्दाम खोडी काढल्यासारखी बाहेर. दुसऱ्या क्लबातली उंच बाई जागा घेऊन गेली. मी चौथी. वन्सं तर पार खाली, नवव्या का दहाव्या. खोटं कशाला लिहू, ते बघून क्षणभर बरं वाटलं. वय झालं, म्हटलं.

निघताना त्या समोरून आल्या, काहीतरी बोलणार होत्या. मी मान फिरवली.

४ मार्च

ऐकू नये ते ऐकलं.

नवरा वन्संकडे जाऊन आला. जेवताना म्हणाला, ‘ताई दोन दिवस धड जेवलेली नाही. म्हणते, गोळ्या मागच्या खोलीत होत्या, वाफ लागली असणार. माझ्यामुळे हिची जागा गेली, म्हणते.’

माझा घास हातातच राहिला.

‘तू त्या वापरल्या नाहीस हे तिला माहीत नाही?’ तो म्हणाला. मी मान हलवली. ‘मग सांग तिला.’ तो ओरडला असता तर बरं झालं असतं. इतक्या हळू बोलला.

काय सांगू? गोळ्या वापरल्याच नाहीत, मीच तुम्हाला खराब ठरवलं? की त्यांना असंच जळू देऊ? वाईट विचार आला तो असा: गोळ्या खरंच दमट निघाल्या तर? तर माझा संशय खरा, आणि सांगायचीही गरज नाही.

७ मार्च

लॅबमधून सुट्टी घेऊन रेंजवर गेले. वन्संचा अर्धा डबा झाडला. दोनदा रायफल खाली ठेवली.

कागद मागवून बघितला. मधोमध एकच भोक, कडा जरा फाटलेल्या. सगळ्या त्याच भोकातून गेल्या होत्या.

किती वेळ पडून होते कोण जाणे. रेंजचे काका जवळ आले, कागद बघून शीळ घातली. ‘हा माल कुठून मिळवलात?’ म्हटलं, नणंदेने दिला. ते म्हणाले, ‘अच्छा! म्हणून चाचणीच्या दिवशी सकाळी त्या क्लबाच्या गोळ्या मागत होत्या होय. मीच दिल्या. म्हटलं, बाई, तुमच्या रायफलीला या चालत नाहीत. तर म्हणाल्या, असू दे, माझ्याकडे दुसऱ्या नाहीत.’

गाडीत बसून रडले. मोठ्याने, लहान मुलीसारखी.

८ मार्च

दुकानात गेले. वन्सं कोटाला इस्त्री करत होत्या, डोळे सुजलेले. वाटेत सगळं पाठ केलं होतं, एक अक्षर आठवेना. कागद तेवढा काउंटरवर ठेवला. म्हटलं, तुमच्याच आहेत, काल झाडल्या.

त्यांनी चष्मा लावून बघितलं. भोकावरून बोट फिरवलं. ‘म्हणजे चांगल्या होत्या गं,’ म्हणाल्या. ‘वाफ नव्हती लागली.’ चेहरा असा उजळला! माझा हात धरला, दोन्ही हातांनी.

मग हात तसाच धरून म्हणाल्या, ‘पण मॅच झाल्यावर या उरल्या कशा?’