माझा तुकडा वगळावा

कायसेरी,
१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय तुघ्रुल,

उद्या माझ्या हृदयाशी तुझी गाठ आहे. हात स्थिर राहोत, हा आशीर्वाद आधी. प्रकृती सकाळी तपासलीस तशीच. सूप बेचव आहे आणि तुझ्या निवासी डॉक्टरांचे हस्ताक्षर लाजिरवाणे. मला अजून ‘होजाम’ म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याच्या विभागात हे शोभत नाही.

माझी संशोधक विद्यार्थिनी शेबनेम संमतिपत्र घेऊन आली होती. बायपाससाठी पायातून काढलेल्या शिरेचा उरलेला तुकडा नेहमीप्रमाणे माझ्याच प्रयोगशाळेत जाणार. तेथे त्याच्या कड्या कोमट द्रावणात टांगून ताणतात. नैराश्यावरचे औषध थेंबाथेंबाने सोडले की त्या सैलावतात.

“होजाम, आमच्याकडे प्रोफेसर पहिल्यांदाच टांगली जाणार!” कार्टी म्हणाली.

“ताण मोजायला चुकलीस, तर शुद्धीवर आल्यावर बघते तुझ्याकडे.”

मी सही केली. ते औषध आधीपासून घेणाऱ्याचा तुकडा वापरायचा नाही, हा नियम माझाच.

नंतर तू आलास. “आणखी काही औषधं, होजाम? झोपेची, मनाची?” माझी भावजय पेरिहान सोबतीला बसून संत्रे सोलत होती. मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, “मनाची? आमच्या वन्संना? अहो डॉक्टर, नैराश्याची काय बिशाद यांच्या वाटेला जायची!” तू हसलास. मीही हसले. तू ‘नाही’वर खूण केलीस.

घरच्यांसमोर हा प्रश्न विचारणे ही तुझी चूक. आपल्याकडे उशाशी बसलेले माणूसच रुग्णाचे उत्तर देते, आणि अशाच उत्तरांवर माझे संशोधन उभे आहे. त्यातले किती तुकडे खरोखर निर्दोष होते, याची खात्री आता मला देता येत नाही.

म्हणून शेबनेमला सांग, माझा तुकडा वगळावा. ती कारण विचारील.

हे वाक्य खोडून पुन्हा लिहीत आहे. पती नेजात गेल्यापासून मी नैराश्यावरचे तेच औषध, सर्ट्रालिन, घेते. गोळ्या जीवनसत्त्वांच्या बाटलीत ठेवते. आज सकाळीही घेतली.

तुकडा वाया गेला तरी चालेल. पण उद्या माझा रक्तदाब कोसळला आणि नेहमीची औषधे हरली, तर तुझा हात मिथिलीन ब्लूकडे जाईल. ही गोळी अंगात असताना ते दिलेस, तर ते माझ्या जिवावर बेतू शकते. रक्तस्रावही वाढू शकतो. भूलतज्ज्ञांना आजच सांग. शस्त्रक्रिया पुढे ढकलायची की नाही, ते तुम्ही दोघे ठरवा. मी वाद घालणार नाही.

पत्र पेरिहानच घेऊन येत आहे. “एवढं काय लिहिताय? मृत्युपत्र की काय?” तिने विचारले. “तुघ्रुलच्या चुका काढतेय,” म्हटल्यावर तिला लगेच पटले.

वाचलेस की वर ये. तिला बाहेर पाठवू नकोस. तिच्यासमोर तोच प्रश्न पुन्हा विचार. ती बोलू लागली तर थांबव, आणि मी बोलेपर्यंत थांब. मला वेळ लागेल.

तुझी रुग्ण,
मुअल्ला