दोन मुठींची करवत परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. नुकसानभरपाई अधिकारी,
अपघातग्रस्त मजूर विभाग.

विषय : मुद्देमाल म्हणून ठेवलेली करवत परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाची आजवरची एकोणीस पत्रे.

महोदय,

१. ही हकीकत सन १९७८ ची आहे. माझे यजमान आणि माझा धाकटा भाऊ लाकडाच्या वखारीत ओंडके कापत. दोन मुठींची एकच करवत. एका टोकाला यजमान, दुसऱ्या टोकाला भाऊ. या कामात नुसते ओढायचे असते, ढकलायचे नसते. एकाने ओढले की दुसऱ्याने हात सैल सोडायचा. यजमानांना घाईची सवय. भाऊ ओरडे, "दाजी, ढकलू नका! मी काय बंद पडलेली मोटार आहे?" सगळी वखार हसे. मी जेवण घेऊन जाई, म्हणून हे ऐकलेले आहे.

२. त्या वर्षी १४ मार्च रोजी सकाळी दोघे करवत खांद्यांवर घेऊन रस्त्याच्या कडेने कामावर निघाले. यजमान पुढे, भाऊ मागे. मागून ट्रक आला. भावाचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला. यजमानांना खरचटलेसुद्धा नाही. करवत खडीवर पडली ती पंचनाम्यात गेली. दातांना गोणपाट गुंडाळलेले होते अशी त्यात नोंद आहे. ती बरोबर आहे. गोणपाट मी शिवले होते.

३. भावाच्या भरपाईच्या अर्जावर आपल्या कार्यालयाने कळवले की, इसम बैठे काम करू शकतो. त्यात तो किती मिळवतो हे पाहून भरपाई ठरेल. आम्हाला ते मान्य होते. ओंडका जमिनीवर आडवा ठेवला तर बसूनही कापता येतो. मात्र त्याला करवत लागते. करवत मागितली तेव्हा, प्रकरण निकाली निघेपर्यंत मुद्देमाल देता येत नाही, असे उत्तर आले. म्हणजे करवतीशिवाय कमाई नाही, कमाईशिवाय निकाल नाही आणि निकालाशिवाय करवत नाही. हे मी खिडकीवरच्या कारकुनांना समजावून सांगितले. ते म्हणाले, "बाई, तुमचं अगदी बरोबर आहे. पुढच्या महिन्यात या." दर वेळी पुढचाच महिना असल्यामुळे नवी करवत घेतली नाही.

४. बसून कापायचा सराव राहावा म्हणून दोघे रोज सकाळी घरात समोरासमोर बसत आणि मध्ये लाकडी स्टूल आडवे टाकून त्यावरून दोर ओढत. असे नऊ वर्षे चालले. स्टुलाला खाच पडली आहे. पाहायची असल्यास आणून दाखवीन.

५. ट्रकचालक काही वर्षे भेटायला येई, दाराबाहेरच उभा राही. पुढे यायचा थांबला. कारकून निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी म्हणाले, "बाई, तुमचं तेवढं राहिलं." वखारीत यंत्र आले, नंतर वखारही गेली. भाऊ १९८७ साली काविळीने गेला. त्यानंतर दोन महिन्यांनी आपले पत्र आले की, इसमाने बैठे काम सुरू केले किंवा कसे, ते कळवावे. मी "नाही" असे कळवले.

६. यजमान आहेत. हातपाय धड आहेत, पण माणसे ओळखू येत नाहीत. सकाळ झाली की स्टुलासमोर बसतात, दोर ओढतात आणि हात सैल सोडून वाट पाहतात. दुसऱ्या टोकाला मी बसते. मला ओढणे जमते. काल ते मला म्हणाले, "आज तुझा हात जड का रे?"

७. भरपाईचे आपल्या सवडीने व्हावे. करवत मात्र यजमानांच्या हयातीत मिळावी, ही विनंती. ती न्यायला दोन माणसे लागतात. आम्ही दोघे येऊ. यजमान पुढे चालतील, मागे मी.

आपल्या कार्यालयाच्या जुन्या ओळखीची,

(सही)
अर्जदार, वय ६९
(एका टोकाची पत्नी, दुसऱ्या टोकाची थोरली बहीण)
दिनांक : १४ मार्च २०१९

सोबत :
१) आपली एकोणीस पत्रे.
२) दातांसाठी गोणपाट, नवे शिवलेले.